गर्भवतीचा थंडीताप आणि रक्तक्षय : एका टोचणीत दोन तपासण्या

आपल्या जिल्ह्यात एखादी गरोदर बाई फिकट दिसू लागली की घरात, शेजारी आणि पुष्कळदा दवाखान्यातही एकच वाक्य ऐकू येते, "हिच्या अंगात रक्त नाही." मग लोहाच्या लाल गोळ्या येतात, सासूबाई बीट-डाळिंब आणायला सांगतात आणि विषय तिथेच संपतो. त्याच बाईला श्रावणात थंडी वाजून ताप आला, तर "पाण्यात भिजली, रोवण्याची दगदग झाली" असे म्हणून दुकानातली तापाची गोळी दिली जाते. ताप उतरला की तोही विषय संपतो.

वाचकहो, हे दोन विषय वेगळे नाहीत. धानाच्या बांध्या, मामा तलाव, बोड्या, नाले आणि जंगल असलेल्या आपल्या मुलखात गर्भवतीचे फिकटपण आणि तिचा थंडीताप यांचे जवळचे नाते आहे. म्हणून आजच्या लेखाचा मुद्दा एकच आहे. गर्भवती फिकट असेल तर तिच्या रक्तात मलेरियाचा जंतू आहे का ते पाहा आणि तिला ताप असेल तर तिचे हिमोग्लोबिन किती आहे तेही पाहा. बोटाला टोचायचे एकदाच, पण तपासण्या दोन करायच्या.

रक्त मुळातच पातळ होते

गर्भ वाढू लागला की आईच्या शरीरातील रक्ताचे प्रमाणही वाढते. मात्र रक्तातला पाणीदार भाग जवळजवळ ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो आणि तांबड्या पेशी त्या मानाने कमी वाढतात. वरणात पाणी घालावे तसे रक्त थोडे पातळ होते. म्हणून गर्भवतीसाठी हिमोग्लोबिनची मर्यादा ११ ग्रॅम धरली आहे. ११ पेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय, १० पेक्षा कमी म्हणजे मध्यम आणि ७ पेक्षा कमी म्हणजे तीव्र रक्तक्षय.

संपूर्ण गरोदरपणात शरीराला सुमारे १००० मिलिग्रॅम लोह जास्तीचे लागते. रोजच्या भात-वरणातून एवढे लोह मिळत नाही आणि लग्नाआधीच अंगात लोहाचा साठा बेताचा असेल तर मुळीच पुरत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १०० गर्भवतींपैकी ५२ जणींना रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून अधिक बाया या अवस्थेत बाळंतपणाला सामोऱ्या जातात.

बाळंतपणात थोडाफार रक्तस्राव होतोच. अर्धा लिटरपर्यंतचा रक्तस्राव ११ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेली बाई सहसा सहन करते. ज्या बाईचे हिमोग्लोबिन ६ आहे, तिच्यासाठी तेवढाच रक्तस्राव जिवावर बेतू शकतो. खात्यात शिल्लकच नसेल तर अडीनडीला काढणार काय?

थंडीतापाचा जंतू काय करतो?

मलेरियाचा जंतू तांबड्या पेशीत शिरतो, तिथेच वाढतो आणि शेवटी ती पेशी फोडून बाहेर पडतो. पेशी फुटतात तेव्हा हुडहुडी भरते आणि ताप चढतो. पण नुकसान फुटलेल्या पेशींपुरते राहत नाही. पानथरी म्हणजे प्लीहा मोठी होते आणि चांगल्या पेशीही गाळून टाकते. हाडांच्या मगजात नवीन रक्त तयार होण्याचा वेग मंदावतो. नवीन पेशी घडवताना फॉलिक ॲसिडही जास्त खर्ची पडते. म्हणजे रक्ताचा खर्च वाढतो आणि आवक घटते.

आपल्याकडे मुख्यतः दोन जातींचे जंतू सापडतात. पहिला व्हायव्हॅक्स, ज्याला पी.व्ही. म्हणतात. दुसरा फाल्सिपेरम, म्हणजे पी.एफ. मेंदूपर्यंत जाऊन माणूस बेशुद्ध करणारा तो हाच. पण पी.व्ही. साधा आहे असे समजून गर्भवतीने गाफील राहू नये. तोही रक्त आटवतो आणि यकृतात दडून राहून पुन्हा पुन्हा उलटतो.

फाल्सिपेरमची आणखी एक खोड आहे. त्याची लागण झालेल्या पेशी वारेमध्ये जाऊन चिकटतात. आईकडून बाळाकडे प्राणवायू आणि अन्न जाण्याचा रस्ता म्हणजे वार. तिथेच गर्दी झाली की बाळाची उपासमार होते. गर्भ पडणे, बाळ अपुऱ्या दिवसांचे होणे, पोटातच दगावणे किंवा कमी वजनाचे जन्मणे हे सारे त्यातून होऊ शकते. जंतू वारेत दडलेले असताना बोटाच्या रक्तात ते फार थोडे सापडतात, कधी सापडतही नाहीत. ताप नसतो आणि बाई कामावर जाते. दिसते ते एवढेच की ती फिकट आहे, तिला धाप लागते आणि गोळ्या खाऊनही रक्त वाढत नाही.

जबलपूरचा दाखला

हे सारे आफ्रिकेतले आहे, आपल्याकडचे नव्हे, असे कोणाला वाटेल. त्यांच्यासाठी जवळचा दाखला देतो. गोंदियाहून बालाघाट-नैनपूरमार्गे पूर्वी छोटी गाडी जिथे जात असे, त्या जबलपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तेव्हाच्या मलेरिया रिसर्च सेंटरने गर्भवतींच्या तपासणी विभागातच मलेरियाचे क्लिनिक चालवले होते. १९९२ ते १९९५ या तीन वर्षांच्या तिथल्या नोंदी डॉ. नीरू सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. आपला गोंदिया जिल्हा १ मे रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, तेच हे वर्ष.

त्या नोंदींत काय दिसले? क्लिनिकमध्ये आलेल्या इतर बायांपेक्षा गर्भवतींमध्ये मलेरिया जास्त होता आणि त्यांच्या रक्तात जंतूंची संख्याही जास्त होती. सर्वाधिक लागण पहिलटकरणींत होती आणि पुढच्या खेपांना ती कमी होत गेली होती. लागण झालेल्या गर्भवती लागण नसलेल्या गर्भवतींपेक्षा अधिक फिकट होत्या, मग जंतू पी.एफ. असो की पी.व्ही. फाल्सिपेरममध्ये मेंदूचा मलेरिया बऱ्याच जणींना झाला आणि त्यात मृत्यूही बरेच झाले. लागण झालेल्या आयांच्या १५५ नवजात बाळांचे सरासरी वजन इतर १७५ बाळांपेक्षा ३५० ग्रॅमने कमी भरले.

३५० ग्रॅम म्हणजे फार नाही, असे वाटते ना? अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ कमी वजनाचे मानतात. जे बाळ पावणेतीन किलोचे व्हायचे, ते ३५० ग्रॅम गमावून २४०० ग्रॅमवर येते. दूध ओढण्याची ताकद, अंगात ऊब धरण्याची शक्ती आणि आजाराशी झुंजण्याचे बळ, सारेच त्याला कमी पडते.

आपल्याकडे धोका दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाही

ज्या देशांत बारा महिने मलेरिया असतो, तिथे मोठ्या माणसांच्या अंगात थोडीफार प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. आपल्याकडे तसे नाही. १९६५ साली देशात मलेरियाचे रुग्ण सुमारे एक लाखापर्यंत खाली आले होते. मलेरिया गेला असे वाटून सारे सैल पडले आणि १९७६ साली तोच आकडा ६४ लाखांवर गेला. त्यानंतर पुन्हा प्रयत्न झाले आणि गेल्या काही वर्षांत रुग्ण पुष्कळ कमी झाले. २०३० पर्यंत देशातून मलेरिया हद्दपार करण्याचे उद्दिष्ट आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. पण रुग्ण कमी झाले म्हणजे अंगातली प्रतिकारशक्तीही कमी झाली. जिला लहानपणापासून कधी हिवताप झाला नाही, तिला गरोदरपणी झाला तर तो जोरात होतो, मग खेप पहिली असो वा तिसरी.

शिवाय मलेरिया सगळीकडे सारखा कमी झालेला नाही. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्ट्यातील आणि गडचिरोली-छत्तीसगडला लागून असलेल्या गावांतील भगिनींनी, तसेच तिकडे कामाला किंवा माहेरी जाऊन आलेल्यांनी विशेष जपले पाहिजे. दवाखान्यात गेल्यावर "मी पंधरा दिवसांपूर्वी अमुक गावी मुक्कामाला होते" हे आठवणीने सांगावे. डास चावल्यापासून ताप यायला साधारण दहा ते पंधरा दिवस लागतात. त्यामुळे गोंदिया शहरात ताप आलेल्या बाईची लागण जंगलातल्या माहेरची असू शकते.

दोन पहिलटकरणी

काही वर्षांपूर्वी जंगलपट्टीतली एक पहिलटकरीण सहाव्या महिन्यात माझ्याकडे आली. हिमोग्लोबिन ७.२. लोहाच्या गोळ्या तीन महिने न चुकता घेतल्याचे ती सांगत होती आणि घरच्यांना ते खरे वाटत नव्हते. ताप आहे का, तर नाही. खोदून विचारल्यावर कळले की रोवण्याच्या दिवसांत तीनदा थंडी वाजली होती आणि तिन्ही वेळा दुकानातली गोळी घेऊन ती पुन्हा चिखलात उतरली होती. काचपट्टी तपासली, तर पी.एफ. निघाला. सरकारी रुग्णालयात पूर्ण उपचार झाले, गोळ्या चालू ठेवल्या आणि दोन महिन्यांत हिमोग्लोबिन साडेनऊच्या वर गेले. बाळ अडीच किलोच्या थोडे वर भरले. पोरीने गोळ्या खरोखरच घेतल्या होत्या. एका बाजूने आपण भरत होतो आणि दुसऱ्या बाजूने जंतू उपसत होता.

त्याच पावसाळ्यात आठव्या महिन्याची दुसरी एक पहिलटकरीण तापाच्या पाचव्या दिवशी बेशुद्ध अवस्थेत आणली गेली. डोळे पिवळे, रक्तातली साखर अगदी खाली. पोटातले बाळ आधीच गेले होते. तिला पुढे पाठवले, पण तीही वाचली नाही. पहिल्या दिवशी बोटाला टोचून रक्त पाहिले असते, तर एवढे झाले नसते.

लोहाच्या गोळ्या हव्यातच

हे वाचून कोणी असा अर्थ काढू नये की लोहाच्या गोळ्या व्यर्थ आहेत. या गोळ्यांचा एक धागा आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. १९२८ च्या सुमारास ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईत आल्या आणि हाफकिन संस्थेत राहून कापड गिरण्यांतील गरीब गर्भवतींच्या रक्तक्षयाचा अभ्यास करू लागल्या. यीस्टच्या अर्काने या बायांचे रक्त वाढते, हे त्यांनी १९३१ साली जगापुढे मांडले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे पुढे सापडलेले फॉलिक ॲसिड. आशाताई देतात त्या लाल गोळीत आज ६० मिलिग्रॅम लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते, त्याचे मूळ इथे आहे.

ही गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस घ्यायची आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस चालू ठेवायची. रक्तक्षय असेल तर डॉक्टर रोज दोन गोळ्या देतात. एक हिशेब मात्र सर्वांनी लक्षात ठेवावा. गोळ्या नीट घेतल्यावर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढले पाहिजे. तेवढे वाढले नाही, तर गोळ्यांचे पाकीट बदलून भागणार नाही, कारण शोधले पाहिजे.

कारणे कोणती? पहिले, मलेरिया. दुसरे, पोटातले जंत. चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या काळात जंताची एक गोळी सरकारी दवाखान्यात मिळते. तिसरे, सिकलसेल. विदर्भात हा आजार पुष्कळ कुटुंबांत आहे आणि त्याचा फिकटपणा केवळ लोहाने जात नाही. प्रत्येक गर्भवतीने आणि तिच्या नवऱ्यानेही सिकलसेलची तपासणी एकदा करून घ्यावी.

नेहमीच्या काही शंका

*लोहाच्या गोळीने बाळ काळे होते का?* नाही. शौचाला काळे होते, कारण न पचलेले लोह बाहेर पडते. बाळाच्या रंगाशी त्याचा संबंध नाही.

*गोळीने मळमळते.* जेवणानंतर तासाभराने किंवा रात्री झोपताना घ्यावी. चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये, दोन तासांचे अंतर ठेवावे. लिंबूपाणी किंवा आवळ्याबरोबर घेतली तर लोह अंगी लागते.

*बाळ मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल, म्हणून कमी खावे का?* ही समजूत सोडून द्यावी. पोटभर जेवलेल्या आईचे बाळ सुदृढ असते, अडते ते इतर कारणांनी. आपल्या ताटात तरोट्याची, अंबाडीची भाजी, तलावातली मासोळी, सुकट झिंगे, अंडी, मटण-काळीज, तीळ, गूळ, कडधान्ये यांतले परवडेल ते रोज असावे. जेवणाच्या आगेमागे चहा टाळावा.

*मलेरिया असताना लोह घेतले तर जंतू वाढतात असे ऐकले.* ही शंका डॉक्टरांनाही होती. केनियात गर्भवतींवर केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोहाने मलेरिया वाढल्याचे दिसले नाही, उलट बाळांचे वजन सरासरी १५० ग्रॅमने वाढले. म्हणून मलेरियाचा उपचार करावा आणि लोह चालू ठेवावे.

*मलेरियाची औषधे पोटातल्या बाळाला बाधतील का?* न घेतलेले औषध जास्त बाधते. पी.व्ही.साठीचे क्लोरोक्विन गरोदरपणी चालते. पी.एफ.चे औषध महिन्यानुसार ठरते. पहिल्या तीन महिन्यांत पूर्वापार क्विनीन दिले जाते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आर्टिमेथर-ल्युमेफॅन्ट्रिनच्या गोळ्या त्या काळातही देण्याची शिफारस केली. चौथ्या महिन्यापासून आर्टिमिसिनिन गटाची जोडऔषधे देतात. प्रायमाक्विन मात्र गर्भवतीला द्यायचे नसते. म्हणून घरात उरलेली किंवा नवऱ्यासाठी आणलेली पाकिटे तिला कधीही देऊ नका. मी किती महिन्यांची आहे, हे औषध घेण्याआधी तिने स्वतःहून सांगावे. पी.व्ही. होऊन गेलेला असेल, तर यकृतात दडलेल्या जंतूंचे काय करायचे हे बाळंतपणानंतर डॉक्टरांना विचारून घ्यावे.

डासांना गर्भवती जास्त आवडते

ही थट्टा नव्हे. गांबिया देशात २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गर्भवतींकडे मलेरियाचे डास इतर बायांच्या दुपटीने ओढले गेल्याचे दिसले. गर्भवतीचे अंग थोडे अधिक उबदार असते आणि ती श्वासही जास्त सोडते, हे त्याचे कारण सांगितले जाते.

मलेरियाचा ॲनॉफिलिस डास गटारात नव्हे, तर स्वच्छ पाण्यात वाढतो. धानाच्या बांध्या, नाल्याचे डबके, झऱ्याचा काठ ही त्याची घरे. तो रात्री चावतो. म्हणून घरात एकच औषधी मच्छरदाणी असेल तर तिच्यात गर्भवती आणि लहान मूल झोपले पाहिजे, कर्ता पुरुष नंतर. मच्छरदाणी वरचेवर धुऊ नये आणि सावलीत वाळवावी. मासे धरायला तर मुळीच वापरू नये. घरात फवारणीवाले आले तर झोपायच्या खोलीतही फवारू द्यावे आणि पुढचे दोन-तीन महिने त्या भिंती सारवू नयेत, नाहीतर औषध शेणामातीखाली जाते. दिवस गेलेल्या बाईला शेतावर जागलीला किंवा मुक्कामी नेऊ नये. नाइलाजच असेल तर मच्छरदाणी बरोबर न्यावी.

आफ्रिकेतील अनेक देशांत गर्भवतींना ताप नसतानाही ठराविक अंतराने मलेरियाची प्रतिबंधक गोळी देतात. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तशी गोळी नाही. तेव्हा आपला भरवसा मच्छरदाणीवर आणि वेळेवर केलेल्या तपासणीवर.

काय करावे?

दिवस राहिल्याचे कळताच उपकेंद्रात नाव नोंदवावे. नोंदणीच्या वेळी आणि पुढच्या प्रत्येक तपासणीत हिमोग्लोबिन पाहून कार्डावर लिहून घ्यावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, तो दिवस चुकवू नये.

थंडी वाजो न वाजो, ताप आला की त्याच दिवशी आशाताईंकडे किंवा दवाखान्यात रक्त तपासावे. आशाताईंकडच्या पट्टीवर पंधरा-वीस मिनिटांत उत्तर कळते. पट्टी कोरी निघाली आणि ताप राहिला, तर दुसऱ्या दिवशी काचपट्टीवर पुन्हा तपासावे. ताप नसला, पण हिमोग्लोबिन वाढत नसेल, तरी मलेरियाची तपासणी मागून घ्यावी. मागायला संकोच करू नये.

हिमोग्लोबिन ७ च्या खाली, ग्लानी, झटके, सतत उलट्या, डोळे पिवळे, लघवी लालसर-काळी, धाप, बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही दिसले तर घरी थांबू नये. १०८ वर फोन करून रुग्णालय गाठावे. सरकारी रुग्णालयात गर्भवतीला औषध, तपासणी आणि रक्त मोफत मिळते.

शेवटी एक सांगणे घरच्या पुरुषांना आणि सासूबाईंना. रोवण्याच्या घाईत एक दिवसाची मजुरी बुडेल म्हणून सुनेचा ताप अंगावर काढायला लावू नका. रोवणा दोन दिवसांनी झाला तरी धान पिकते. ताप आलेल्या सुनेला मात्र त्याच दिवशी दवाखान्यात घेऊन जा आणि तिथे दोन्ही तपासण्या करून घ्या.